मंजुळाची खानावळ

घिवलीच्या मंजुळाला बसायला कधी अडचण आली नाही. अडचण होती ती उठायची.

बोईसरच्या मासळी बाजारात दारापासून चौथा पाट तिचा. सासूने तिला तिथेच बसवून मासे कापायला शिकवलं, सासू थकली तेव्हा पाट आपसूक तिच्याकडे आला, आणि गेली सव्वीस वर्षं तो तिच्याकडेच होता. पहाटेच्या टमटममधून ती उतरायची आणि सातच्या आत पाटावर बसायची. पुढ्यात पाटी, पाटीत बर्फ आणि बर्फावर बोटीने त्या दिवशी जे दिलं असेल ते. मग दुपारी एकपर्यंत तिचा कोयता आणि तोंडाचा पट्टा सारख्याच वेगाने चालायचे. गिऱ्हाईक गावचं असेल तर गावच्या बोलीत, कारखान्यातलं उत्तरेकडचं असेल तर तिने स्वतः घडवलेल्या हिंदीत. एकदा भाव सांगितला की ती तो उतरवायची नाही, पण एक मांदेली वर टाकायची, आणि टाकताना अशी बघायची की घेणाऱ्याला आपण तिला लुटलं असं वाटावं.

एक वाजता बाजार उठायचा, आणि मंजुळाची पंचाईत व्हायची. शेजारच्या पाटावरची दमयंती समोरून हात द्यायची, दुसरी कोणी मागून काखेत धरायची, आणि तीन आकडे मोजून मंजुळाला उभं केलं जायचं. वय चौपन्न, वजन चौऱ्याण्णव. उभी राहिली की ती पहिला विनोद स्वतःवर करायची, म्हणजे दुसऱ्या कोणाला संधी राहायची नाही.

गणपतीच्या आठवडाभर आधी मात्र विनोद झाला नाही. बर्फाच्या पाण्याने दमयंतीचा हात निसटला आणि मंजुळा अर्ध्यातून खाली आली. लागलं फार नाही, पण उठताही येईना. कोणीतरी तिच्या मुलाला, निमेशला, फोन लावला. तो तिथल्याच एमआयडीसीत पाळीवर जातो. कारखान्यातून मोटारसायकल काढून तो आला, आणि त्याला काय दिसलं, तर मासळीच्या पाण्यात बसलेली आपली आई आणि भोवती चाळीस माणसं. त्या संध्याकाळी तो घरी एवढंच म्हणाला की बास झालं, पाट सोडायचा.

मंजुळा त्याच्यावर चिडली, दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी रडली. निमेश काही दुष्ट मुलगा नव्हे. आईला तसं बसलेलं बघून तो घाबरला होता, आणि घाबरलेला मुलगा बापासारखा वागतो. शेवटी सुनेने, उन्नतीने, मध्ये पडून तह घडवला. हावलीपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, आईने बाजारात जावं. हावलीच्या आदल्या दिवशी निमेश एक वाजता बाजारात येईल. आई कोणाच्या हाताशिवाय पाटावरून उठली तर पाट तिचा. नाही उठली तर त्याच दिवशी पाट सोडायचा आणि त्यावर पुन्हा बोलणं काढायचं नाही. मंजुळाचा नवरा आत्माराम बोटीवर जाणारा, घरात कमी बोलणारा. त्याने दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली.

पाट म्हणजे काय, हे मंजुळाला बरोबर ठाऊक होतं. बाजारात ती मंजुळा होती. पाट गेला की ती घिवलीतली एक जाडी बाई होणार होती, ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारी. तिला त्याची भीती वाटत होती.

आता वजन उतरवायला हवं, हे कळायला तिला कोणाची गरज नव्हती. वीस वर्षांत तिला जेवढे डॉक्टर भेटले त्या सगळ्यांनी मिळून तिला एकच औषध दिलं होतं, कमी खा. गुडघा दाखवायला गेली, कमी खा. ताप दाखवायला गेली, कमी खा. एकदा तर ती शेजारणीच्या नातवाला घेऊन गेली होती, तेव्हाही डॉक्टर नातवाला तपासता तपासता तिच्याकडे बघून म्हणाले होते की मावशी, जरा भात कमी करा. खरं म्हणजे पहाटे चार बिस्किटं आणि दोन कप चहा, मग थेट तीन वाजता घरी येऊन भात आणि कालवण, रात्री पुन्हा तेच, एवढंच तिचं खाणं. भाजी औषधापुरती. मी काय जास्त खात नाय, असं ती सांगायची, आणि सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते बघून गप्प बसायची. ते तिला फार लागायचं. पोटभर जेवल्याचा आळ येतो आणि पोट भरलेलंही नसतं, याचा राग कोणाला येणार नाही?

दिवाळी झाली आणि मासवणची जागृती स्कूटरवरून घिवलीत आली. बोईसरला बाजारामागच्या गल्लीत डॉक्टर स्वाती नावाच्या बाईंचं वैद्यकीय संशोधनाचं केंद्र होतं, जागृती तिथे कामाला. शेतकरी घरातली, गोड बोलणारी, आणि त्या दिवशी फार अवघडलेली, कारण तिला वजन जास्त असलेली माणसं हवी होती आणि ते भर समाजमंदिरात कसं विचारायचं हे तिला शिकवलेलं नव्हतं. तिने शब्द फिरवले, घसा खाकरला, "ज्यांची तब्येत जरा" इथपर्यंत येऊन थांबली. शेवटी मागून मंजुळाने हात वर केला आणि पोरीची सुटका केली. जाडी पायजेत ना तुला, ती म्हणाली, लिही माजं नाव. मग हसत हसत आणखी दहा जणी पुढे आल्या.

जागृतीने जे सांगितलं ते मंजुळा तोंड उघडं ठेवून ऐकत राहिली. माणसाच्या आतड्यात जंतू असतात, कोट्यवधी. ते वाईट नसतात, बहुतेक कामाचेच असतात. काही जण आतड्याचं अस्तर धड ठेवतात, काही भुकेवर आणि साखरेवरही थोडीफार सत्ता गाजवतात. वजन जास्त असलेल्यांच्या पोटात पुष्कळदा ही मंडळी कमी प्रकारची आणि वेगळ्या प्रमाणात आढळतात. आता धान्याभाज्यांत जो चोथा असतो, त्यातला काही आपल्याला पचत नाही. तो खाली जातो आणि या जंतूंचं जेवण होतो. एका झाडाच्या मुळातून असा चोथा काढून त्याची पांढरी पूड केलेली आहे. ती बारा आठवडे रोज एक पुडी ताकातून किंवा पाण्यातून घ्यायची. बाकी खाणं नेहमीचंच. आणि अर्ध्या बायकांना खरी पुडी मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी साधी. कोणाला कुठली हे खुद्द डॉक्टरांनाही माहीत नाही, ते एका बंद पाकिटात लिहिलेलं आहे आणि पाकीट शेवटी उघडायचं.

मंजुळाने विचार करून विचारलं की म्हणजे पुडी मी खायची, पण जेवायचं त्यांनी? जागृती हो म्हणाली.

"मग मी खानावळच झाली की," मंजुळा म्हणाली.

समाजमंदिर हसलं, जागृतीही हसली, पण मंजुळाला आतून काहीतरी वेगळंच वाटत होतं. वजनाबद्दल बोलताना तिच्या तोंडाकडे न बघता पहिल्यांदा कोणीतरी आणखी कुठेतरी बघत होतं. दोष आतल्या मंडळींचाही असू शकतो, हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन तिने आत्मारामला दोनदा सांगितलं.

पुडी सुरू करण्याआधी नमुना द्यायचा होता. कसला ते जागृतीने हळू आवाजात सांगितलं आणि प्रत्येकीला एक झाकणाची डबी, एक पिशवी आणि एक छापील कागद दिला. पुडीनंतर कोण वाढलं आणि कोण घटलं हे कळायला आधीची शिरगणती हवी, आणि प्रयोगशाळेत ते जंतू जिवंत वाढवून बघणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ती बर्फाची पेटी घेऊन डब्या न्यायला येणार होती. कागदावर लिहिलं होतं, नमुना गार जागी ठेवून नीट टिकवावा.

इथेच घोळ झाला, आणि तो घिवलीतच होऊ शकत होता. नऊ वाजता यातल्या निम्म्या बायका बाजारात असतात. म्हणजे डबी पहाटेच भरून घरी ठेवायला हवी, आणि जागृतीला उशीर झाला तर दहा-अकरापर्यंत ती तशीच राहणार. टिकवावं कसं, हा प्रश्न घेऊन बायका त्या संध्याकाळी मंजुळाच्या ओट्यावर आल्या. साऱ्या गावात टिकवण्याच्या विद्येत मंजुळाचा हात धरणारी कोणी नव्हती. तिची खारवलेली घोळ मासळी पावसाळाभर राहायची, तिचा खारा दाढा लोक पालघरहून सांगून न्यायचे. ज्या गावात टिकवणं या शब्दाचा एकच अर्थ आहे, तिथे तिला विचार करायची गरज नव्हती. तिने हाताची मूठ अर्धी वळून दाखवली आणि जाडं मीठ किती घालायचं ते सांगितलं. खाली थोडं, वर थोडं, झाकण घट्ट.

घिवलीच्या अकरा डब्या व्यवस्थित खारवून प्रयोगशाळेत गेल्या.

पुड्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवसापासून गावात वेगळीच चर्चा सुरू झाली. पोटात गुडगुड व्हायला लागली, वारा सरायला लागला. जागृतीने हे आधी सांगून ठेवलं होतं, पण सांगणं वेगळं आणि पंक्तीत बसलेलं असताना होणं वेगळं. उन्नती दोन वेळा हसू दाबत स्वयंपाकघरातून बाहेर पळाली. बायकांनी मात्र यातून शास्त्र काढलं. पाकीट उघडायची वाट कोण बघतो? जिचं पोट वाजतं तिची पुडी खरी, जिचं वाजत नाही तिची साधी, असा निकाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात लावून टाकला. मंजुळाची पुडी खरी असल्याबद्दल घरात कोणाचंच दुमत नव्हतं.

घरात सुनेसमोर, मुलासमोर किती वेळ संकोचत बसणार? मंजुळा संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन चालायला लागली. तिथे वारा मोकळा, समुद्राचा आवाज मोठा, कोणाचं काही कोणाला ऐकू येत नाही. दोन दिवसांत बाकीच्या खऱ्या पुडीवाल्या तिथे आल्या, आणि मग साध्या पुडीवाल्याही, कारण सगळ्या गप्पा तिकडेच चालल्या होत्या. वाळूतून चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. आठवड्याच्या फॉर्ममध्ये चालणं वाढलं का असा रकाना होता. जागृतीने हो लिहिलं, खाली कारण विचारलं होतं, आणि मंजुळाने सांगितलेलं कारण तिने लाल झालेल्या कानांनी जसंच्या तसं लिहिलं.

डिसेंबर अर्धा सरला आणि जागृती गावात आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. प्रत्येक घरी जाऊन ती एकच विचारत होती. नमुना द्यायच्या आधी कसलं औषध घेतलं होतं का, जंतू मारायच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या? कोणीच घेतलं नव्हतं. मासवणचे नमुने चांगले होते, दुसऱ्या दोन गावांचेही होते. घिवलीच्या अकरांपैकी एकाही डबीत काही वाढलं नव्हतं. कोणी म्हणालं विहिरीचं पाणी बघायला हवं. मंजुळाला आधी अभिमानच वाटला. आमच्या पोटात घाण नाय, ती दमयंतीला म्हणाली. मग जागृतीने सांगितलं की आधीची गणतीच नसेल तर नंतरची कशाशी ताडणार, आणि वरून विचारणा झाली आहे, घिवलीचा गट बहुतेक बंद करावा लागेल. नमुने तिने आणले होते, त्यामुळे बोलणीही तिलाच बसली होती.

हावलीला तीन महिने होते. गुडघ्यांना थोडा हलकेपणा यायला लागला होता, की तिला तसं वाटत होतं कोण जाणे, पण त्या पुडीवर तिने सगळा जीव लावला होता.

दुसऱ्या दिवशी बाजार मंदा होता. एक वाजत आला तरी पाटीत दोन घोळी उरल्या. परत नेण्याऐवजी त्या तिथेच खारवून टाकाव्यात म्हणून तिने त्यांची पोटं फाडली, मीठ घेतलं आणि खाली थोडं, वर थोडं असा हात चालायला लागला. मध्येच तो थांबला. दमयंतीने विचारलं काय झालं. मंजुळाने हातातल्या मिठाकडे बघितलं आणि म्हणाली, खारवलेला मासा सडत का नाय, दमयंती? मिठाने त्यातलं सगळं मरतं म्हणून.

गप्प बसायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. मीठ तिने सांगितलं हे अकरा जणींशिवाय कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांच्यापैकी कोणी ते बोलणार नव्हती. पण गप्प बसलं तर गट बंद, सगळ्या घरी, आणि पोरीचं नाव खराब. सांगितलं तर निदान बाकीच्या राहतील, फक्त आपण जाऊ. पाटही जाईल. तिने घोळी तशाच अर्धवट पाटीत टाकल्या, दमयंतीचा हात धरून उठली आणि मिठाचे हात पदराला पुसत मागच्या गल्लीत गेली.

केंद्राच्या दाराशी खुर्च्या होत्या. मासळीच्या वासाचं लुगडं घेऊन त्यांवर बसायला तिला लाज वाटली, म्हणून ती बाहेरच्या पायरीवर बसली. बसली ती अडकलीच. थोड्या वेळाने डॉक्टर स्वाती जेवायला बाहेर पडल्या, तेव्हा पायरी अडवून एक बाई बसलेली, उठायचा प्रयत्न करते आहे आणि जमत नाही. डॉक्टरांनी हातातली पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले आणि तिला उभं केलं. हात सोडायच्या आतच मंजुळाने सांगून टाकलं.

"बाई, मीठ मी घातलं. बाकीच्या दहा जणींना पण मीच घालायला सांगितलं. काढायचं तर माजं एकटीचं नाव काढा. त्यांचा दोष नाय, त्या पोरीचाही नाय."

डॉक्टरांना कळायला जरा वेळ लागला. मीठ कशाला, त्यांनी विचारलं.

"तुमच्या कागदावर लिवलंय, टिकवा म्हणून. आमच्यात टिकवायचं म्हणजे मीठ. दुसरं काय आमाला कोणी शिकवलंच नाय."

डॉक्टर आत गेल्या, तो कागद घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या वाचला. तो मजकूर त्यांनी स्वतः लिहिला होता, दोन वेळा तपासला होता आणि तीन मोठ्या लोकांना दाखवला होता. त्या तिघांपैकी एकाच्याही घरी मासे खारवत नसणार. मग डॉक्टरांना हसू यायला लागलं. आधी ते त्यांनी आवरलं, मग आवरेना, तेव्हा मंजुळा जिथून उठली होती त्याच पायरीवर त्या बसल्या आणि डोळे पुसेपर्यंत हसल्या. मंजुळा काही हसली नाही. तिने विचारलं की म्हणजे नाव राहतं की जातं?

नाव राहतं, डॉक्टर म्हणाल्या, चूक कागदाची आहे. वरच्यांना कळवून त्यांनी मार्ग काढला. चार आठवडे पुड्या बंद ठेवायच्या, म्हणजे पोटं पहिल्यासारखी होतील. मग नवा नमुना, बिनमिठाचा, आणि पहिल्यापासून बारा आठवडे. आता नवा कागद गावोगाव वाटला जातो, त्यात ठळक अक्षरांत छापलं आहे, नमुन्यात मीठ, हळद, लिंबू वगैरे काहीही घालू नये. हळद आणि लिंबू जागृतीने घालायला लावलं. म्हणाली, आमच्या मासवणचा भरवसा मी देत नाय.

घरी येईपर्यंत मंजुळाने बोटांवर मोजलं. नव्याने सुरुवात जानेवारीच्या मध्याला. हावलीपर्यंत बारा नव्हे, आठच आठवडे मिळणार. तिने निमेशला मुदत वाढवून मागितली, कारणही सगळं सांगितलं. मिठाची गोष्ट ऐकून तो खूप हसला, पण मुदत दिली नाही. तुला तिथे पुन्हा पडलेली मी बघणार नाय आई, एवढंच म्हणाला, आणि पुढे तिला वाद घालता आला नाही.

पुडी बंद असलेल्या चार आठवड्यांत पोटं शांत झाली. किनाऱ्यावर जायचं कारण उरलं नाही, पण गेल्याशिवाय बायकांना करमेना. अर्धवट राहिलेल्या किती गोष्टी होत्या. कोणाच्या सुनेचं काय झालं, कोणाचं लग्न मोडलं की नुसतं पुढे गेलं. संध्याकाळ झाली की अकरा जणी वाळूतून निघायच्या, आणि हळूहळू त्यांची मजल लांब जायला लागली, मध्ये वाळूत बसून गप्पाही व्हायला लागल्या. जानेवारीत नवे नमुने गेले. आठवड्याने जागृती स्कूटर थांबवायच्या आधीच ओरडली की सगळं वाढलंय, अकराच्या अकरा डब्यांत. असल्या बातमीवर बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुड्या पुन्हा सुरू झाल्या, पोटं पुन्हा वाजायला लागली, आणि मंजुळाला घरी आल्यासारखं वाटलं.

मार्चात वजन केलं तेव्हा काटा एक्याण्णववर थांबला. तीन किलो. मंजुळाला वाटलं होतं निदान दहा तरी जातील. तिने पुन्हा चढून बघितलं. डॉक्टर स्वातींनी सांगितलं की पुडी जादू करत नाही, जे होतं ते थोडं थोडं होतं, आणि हे तीन किलो पुडीचे की चालण्याचे हे आज त्याही सांगू शकत नाहीत. तिची पुडी खरी की साधी तेही पाकिटातच होतं. मंजुळाला मात्र पाकिटाची घाई नव्हती. खानावळ नीट चालली आहे हे मालकिणीला कळतं, असं तिचं म्हणणं.

हावलीचा आदला दिवस उजाडला. बोटी दुसऱ्या दिवशी समुद्रात जाणार नव्हत्या, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मंजुळाची पाटी साडेबारालाच रिकामी झाली. ती कोयता धुऊन, हात पुसून बसून राहिली. आज तिच्या तोंडाचा पट्टा बंद होता. एकला निमेश आला, कारखान्याच्या कपड्यांतच. तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा राहिला. आजूबाजूच्या पाटांवर सगळ्यांना तह माहीत होता, कारण मंजुळानेच तो सांगितला होता. दमयंतीला स्वतःच्या हाताचा भरवसा वाटेना. सवयीने तो पुढे जाईल म्हणून ती दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली.

मंजुळाने पाय जवळ घेतले आणि जोर लावला. ती अर्धी वर आली, तिथे लटकली, आणि पुन्हा पाटावर बसली.

निमेशचा हात आपोआप पुढे आला होता. मंजुळाने त्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. त्याने हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"थांब जरा," मंजुळा म्हणाली. "घाई कोणाला हाय?"

तिने एक लांब श्वास घेतला. या वेळी समोर जोर न लावता ती एका कुशीवर वळली, वाळूत बसून गप्पा मारल्यावर उठायची तशी. एक गुडघा खाली घेतला, तळहात ओल्या फरशीवर टेकला, दुसरा पाय रोवला. गुडघा कडकन वाजला, तो दमयंतीलाही ऐकू गेला. मग मंजुळा उठली. सुंदर काही दिसली नाही. पदर सुटलेला, तोंड लाल, हाताला माशांचे खवले. पण उठली आणि उभी राहिली, आणि तिला कोणी धरलेलं नव्हतं.

तेवढ्यात मागून एका गिऱ्हाइकाने विचारलं, मौसी, कुछ बचा है क्या? मंजुळाने उभ्यानेच सांगितलं की सब खतम, हावली के बाद आना.

निमेश तिच्याकडे बघत होता. त्याने खाली वाकून पाट उचलला. मंजुळाचा जीव खालीवर झाला. तो पाट घेऊन तो नळाशी गेला, दोन्ही बाजूंनी घासून धुतला, परत आला, आणि दारापासूनच्या चौथ्या जागेवर भिंतीला टेकवून ठेवला.

"हावली झाल्यावर पयल्या दिवशी बर्फ किती सांगू?" त्याने विचारलं.

मंजुळाला रडू आलं, आणि सगळ्या बाजारासमोर ती रडली. मग नाक पुसून म्हणाली, "दोन लाद्या सांग."